पडल्यावर पुन्हा घोडीवर बसायचं आहे. तिचा विश्वास परत कसा मिळवू?

सांजवारा (म्हापसा)

नमस्कार मंडळी. वय ४३, नोकरी पणजीत. लहानपणापासूनची एक इच्छा मनात होती, ती गेल्या वर्षी पुरी करायला घेतली. पेडणे तालुक्यातल्या एका खाजगी तबेल्यात दर रविवारी घोडेस्वारी शिकते. माझ्या घोडीचं नाव शेवंती. माझी म्हणजे तबेल्याचीच, पण मी तिला माझीच म्हणते. मारवाडी रक्ताची आहे, कानांची टोकं आत वळलेली, रंग तांबूस, कपाळावर पांढरा टिळा.

पावसाळ्यात चार महिने स्वारी बंद होती. चवथीनंतर उघडीप मिळाली तसं पुन्हा सुरू केलं. दुसऱ्याच रविवारी पाणंदीतून चाललो होतो. एका मांगराशेजारी (शेतातल्या खोपीशेजारी) सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या, ढिगावर निळं प्लास्टिक घातलेलं होतं, ते वाऱ्याने फडफडलं. शेवंती एकदम बाजूला उडाली आणि उधळली. मी लगाम ओढला, पाय आवळले, तरी ती तीस-चाळीस पावलं धावलीच. मग मी खाली. हात सुजला, बाकी देवाची कृपा.

शिकवणारे म्हणाले, "तिचा तुमच्यावरचा विश्वास उडालाय, आता पहिल्यापासून सुरुवात." तेव्हापासून झोप नीट लागत नाही. पडल्याचं दुःख नाही. तिने मला टाकलं, हे मनाला लागलंय.

घोडा खरंच माणसावर विश्वास ठेवतो का? की ती आपलीच समजूत? आणि ठेवत असेल तर तुटलेला विश्वास पुन्हा जुळतो कसा?

जाता जाता एक: हल्ली तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती कान मागे टाकते आणि माझ्या बाहीकडे तोंड नेते. आधी असं करत नव्हती. तबेल्यात म्हणाले, बसून बसून नखरे वाढलेत.

माडाखाली

आधी हाताचं सांग गं बाय. एक्स-रे काढलास ना?

सांजवारा

काढला. हाड शाबूत आहे.

रिकीब (सावंतवाडी)

ताई, मी २२ वर्षं जयपूरला ६१ व्या कॅव्हलरीत, सैन्याच्या घोडदळात होतो. किती वेळा पडलो त्याचा हिशेब नाही. तेव्हा पडल्याचं मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या लिहिण्यातून मला जे दिसलं ते सांगतो. प्लास्टिक फडफडलं, ती दचकली, इथवर काहीच चुकलं नाही. घोडा हे भक्ष्याचं जनावर. हजारो वर्षं तो पळून जगला आहे. आधी पळायचं, मग मागे वळून बघायचं, ही त्याची रीत. पण त्याच क्षणी तुम्ही पाय आवळलेत. पाय आवळले की घोड्याला कळतं "चल". लगाम ओढला की कळतं "थांब". भ्यालेल्या जनावराला पाठीवरून एकाच वेळी दोन उलट हुकूम आले. तिने काय ऐकायचं? जे तिच्या भीतीशी जुळलं ते ऐकलं.

आम्हाला सुरुवातीचे कित्येक आठवडे रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, काढून बसवत. मांड्या सोलवटून निघायच्या. पण त्याने मांड पक्की होते, म्हणजे घाबरल्यावरही पाय आपोआप आवळले जात नाहीत आणि हात लगामाला लोंबकळत नाहीत. आपला तोल आपल्यापाशी राहिला की घोड्याच्या तोंडावर तो पडत नाही. माझ्या लेखी विश्वासाची पहिली पायरी हीच. माझ्या भीतीचं ओझं मी तुझ्या जबड्यावर टाकणार नाही, एवढी हमी घोड्याला मिळायला हवी.

दुसरं, रविवारी जाऊन थेट पाठीवर बसू नका. खरारा, म्हणजे तिचं अंग घासणं, स्वतः करा. चंदी, म्हणजे दाणा, स्वतः द्या. खूर स्वतः उचलून साफ करा. आपले चारही पाय जो एकेक करून दुसऱ्याच्या हातात देतो, त्याने आपलं पळणं तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्याकडे सोपवलेलं असतं. याहून मोठी गोष्ट त्याच्यापाशी नाही.

कारणमीमांसा

रिकीब यांच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. "विश्वास" हा शब्द मला इथे जड वाटतो. घोडा शिकतो तो दाब आणि सूट यांवर. पायाचा दाब आला, तो पुढे सरकला, दाब सुटला. सुटका झाली तेव्हा आपण काय करत होतो, एवढं त्याच्या लक्षात राहतं. पुढचं सगळं त्यावर रचलेलं असतं. सांजवारा, शेवंतीने तुम्हाला टाकलेलं नाही. तिच्या डोक्यात तुमच्याबद्दल निवाडा करणारं न्यायालय भरलेलं नाही. ती घाबरली आणि पळाली. हे समजलं की तुमच्या मनावरचा भार उतरेल, म्हणून सांगतोय.

बर्लिनच्या हान्सची गोष्ट आठवा. हा घोडा गणितं सोडवतो, खूर आपटून उत्तरं देतो, म्हणून लोक थक्क होत. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी नीट तपासलं. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सलाही येत नसे. तो माणसाच्या मानेची, चेहऱ्याची बारीक हालचाल बघून थांबत होता. मालकाचा मात्र घोड्याच्या बुद्धीवर ठाम विश्वास होता. आपण जनावरात आपल्याला हवं ते पाहतो.

माडाखाली

पण समोरच्या माणसाची मान रेसभर हलली तेही ज्याला कळतं, त्याला आपली भीती कळणार नाही होय? मला तर ही गोष्ट तुमच्या विरुद्ध बाजूची वाटते.

गुरांचा_डॉक्टर (डिचोली)

माडाखाली, अगदी बरोबर धरलंत. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग यांचा एक प्रयोग आहे, २००९ सालचा. माणसांनी घोडा धरून किंवा घोड्यावर बसून एकाच रस्त्याने अनेकदा जायचं. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की या वेळी घोड्याजवळ छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कोण सांगणार? ते त्यांना माणसाकडूनच कळलं.

इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या मंडळींनी २०१८ साली आणखी एक दाखवून दिलं. घोड्यांना एखाद्या माणसाचा रागावलेला किंवा हसरा फोटो दाखवला. काही तासांनी तोच माणूस साध्या चेहऱ्याने समोर आला, तर फोटोत पाहिलेला भाव घोड्यांनी लक्षात ठेवल्याचं त्यांच्या वागण्यातून दिसलं. त्या माणसाला स्वतःला माहीत नव्हतं की घोड्याने कुठला फोटो पाहिलाय. म्हणजे हान्सची पळवाट इथे बंद.

पण सांजवाराताई, मला या चर्चेपेक्षा तुमची शेवटची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही "जाता जाता" म्हणून लिहिलीत ती. तंग आवळताना कान मागे, तोंड बाहीकडे, आणि हे पूर्वी नव्हतं. हे नखरे असतील असं मला वाटत नाही. घोडा दुखणं लपवतो, कारण रानात लंगडणारा आधी मारला जातो. तो जेव्हा असं उघडपणे दाखवतो तेव्हा बरंच दुखत असतं.

एक करा. पुढच्या वेळी कुणीही तिच्यावर स्वारी करून आलं की खोगीर काढल्याबरोबर पाठ बघा. सगळीकडे घामाने ओलं असेल. त्यात मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसतो का? तिथे खोगीर इतकं दाबतं की घामही सुटत नाही. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलकं दाबत जा आणि तिचे कान बघा. आणि तुमच्याकडच्या जाणत्या घोड्याच्या डॉक्टरला दाखवाच. मी लांबून निदान करत नाही.

माडाखाली

भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? लहानपणी आजी विचारायची. उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. शेवंती चार महिने उभीच होती ना गं?

गुरांचा_डॉक्टर

आजीला नमस्कार सांगा. तेच म्हणायचं होतं. चार महिने न फिरलेल्या घोड्याच्या पाठीचे स्नायू उतरतात. मे महिन्यात चपखल बसणारं खोगीर सप्टेंबरात हाडावर टेकतं. खोगीर तेच असतं, पाठ बदललेली असते. आपल्याकडच्या पावसात तर आणखी भर. चिखलात उभं राहून खूर कुजतात, गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातला रोग होतो. गोव्याची दमट हवा या जनावराला सोसत नाही.

मांद्रेकर

विषय निघालाच आहे तर लिहितो. किनाऱ्यावर पर्यटकांना बसवून फिरवतात त्या घोड्यांचं काय? दिवसभर अनोळखी माणसं, प्रत्येकाचा हात वेगळा, प्रत्येकाची टाच वेगळी. रिकीबकाका म्हणतात ती हमी त्या जनावराला कोण देणार? डोळे बघा त्यांचे. ते विझून गेलेले असतात आणि लोक म्हणतात, किती शांत घोडा आहे!

मोरजी-मांद्रेच्या वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या वाळूत टापा पडू नयेत असं मला मनापासून वाटतं. घोड्याच्याही दृष्टीने सुकी भुसभुशीत वाळू वाईट, पायाच्या शिरा ताणल्या जातात.

गुरांचा_डॉक्टर

आणि वजन. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो, खोगिरासकट. एवढं तरी प्रत्येकाने बसण्याआधी मनात मोजावं.

पर्वरीचा_बेळगावकर

माझे वडील वरातीसाठी घोडी पाळत. हिऱ्या म्हणायचे तिला. पंचकल्याणी होती, चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. लग्नात बँड, फटाके, पोरांचा धिंगाणा, आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला नवरदेव. तरी हिऱ्या कधी उधळली नाही.

वडिलांनी तिला तयार कसं केलं ते मी पाहिलंय. ताशावाल्याला चहा पाजून लांब शेताच्या बांधावर उभा करायचे आणि इकडे तिला तोबरा बांधायचे. ती चंदी खात राहिली की दुसऱ्या दिवशी ताशा दहा पावलं जवळ. खाणं थांबवून मान वर केली की ताशा परत मागे. सहा महिने असंच. वरातीत ते चालायचे तिच्या डाव्या खांद्याशी, हात कायम मानेवर. ती बँडकडे बघतच नसे. तिचा एक कान सतत वडिलांकडे असायचा.

आता जे लिहितो ते मला अजून पचलेलं नाही. बहिणीच्या लग्नासाठी हिऱ्या विकावी लागली. दोनेक वर्षांनी एका वरातीत ती दिसली. वडील गर्दीतून वाट काढत गेले, हात पुढे केला. हिऱ्याने हात हुंगला, क्षणभर थांबली, आणि पुन्हा पुढ्यातल्या गवताकडे वळली. तिच्या डाव्या खांद्याशी दुसरा माणूस उभा होता आणि तिचा कान त्याच्याकडे होता. वडील घरी येऊन जेवले नाहीत.

सांजवाराताई, म्हणून सांगतो. घोडा विश्वास ठेवतो, हे मी शपथेवर सांगेन. पण तो जन्माच्या आणाभाका घेत नाही. आज तिच्या खांद्याशी जो नीट उभा आहे त्याच्यावर ती विश्वास ठेवते.

कारणमीमांसा

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या वडिलांनी ताशा दहा पावलं मागे नेला, ती गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तिने मान वर केली म्हणजे ती "नको" म्हणाली, आणि ते "नको" ऐकलं गेलं. मी ज्याला दाब आणि सूट म्हणतो त्यात माणूस किती ऐकतो यावर सगळं अवलंबून आहे, हे मी आधी लिहायला हवं होतं.

सत्तरीचो (वाळपई)

आमच्याकडे शिगम्याला घोडेमोडणी असते. कंबरेला लाकडी घोडा, हातात नागडी तलवार, डोक्याला फुलांनी सजवलेली पगडी, पायात घुंगरू. सत्तरीच्या राणे घराण्याच्या पराक्रमाची आठवण म्हणून नाचतात. मी १५ वर्षं नाचतो.

तुम्ही म्हणाल, लाकडाच्या घोड्याचा इथे काय संबंध? पण मोडणीत पाय घोड्याचे असतात आणि हात स्वाराचे, आणि दोन्ही एकाच अंगाचे. ढोलाची लय चढली की पायांना पुढे पळायचं असतं, तलवारीच्या हाताला आपला फेर सांभाळायचा असतो. नवीन पोरगा असला की त्याचे हात पायांशी भांडतात. ज्याचं जुळतं त्याच्याकडे पाहताना घोडा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नाही. रिकीबकाकांनी दोन उलट हुकुमांचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं.

जुनी_पानं

गोव्याचा आणि घोड्याचा संबंध फार जुना. होर्मुझहून अरबी घोडे गलबतांतून इथे उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. दख्खनच्या फौजांना ते घोडे हवेच असत. १५१० साली पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला त्यामागे या व्यापाराचाही मोह होता. विजयनगरात राहिलेल्या नुनिश या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने राजा वर्षाला १३,००० घोडे घेई असं लिहून ठेवलं आहे. माझ्या मनात येतं ते त्या एकेका जनावराचं. समुद्रावर हेलकावे खात आलेलं, अनोळखी हवा, अनोळखी भाषा. कुणीतरी मोतद्दाराने, घोडे सांभाळणाऱ्याने, पहिल्यांदा हात पुढे केला असेल तेव्हाच त्याने पाणी प्यायलं असेल.

आणि नोव्हेंबर १६८३. जुवे बेटावरून माघार घेणाऱ्या विजरईच्या, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या, फौजेमागे संभाजीराजांनी भरतीच्या पाण्यात घोडा घातला. पाणी चढलं, घोड्याचे पाय सुटले आणि तो पोहू लागला. तेव्हा खंडो बल्लाळांनी उडी घेऊन घोडा आवरला आणि राजांना मागे आणलं, अशी हकिगत सांगतात. आपण राजांचं धाडस सांगतो, खंडो बल्लाळांची निष्ठा सांगतो. तो घोडाही आठवावा. चढत्या पाण्यात, समोरचा काठ लांब असताना, पाठीवरच्या माणसाने सांगितलं म्हणून तो उतरला होता.

रिकीब

यात घोडेस्वाराला कळणारी एक गोष्ट आहे. पोहणाऱ्या घोड्याचा लगाम ओढायचा नसतो. त्याची मान वर आणि मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर तो उलटतो. अशा वेळी हात ढिला सोडणं ही स्वाराची कसोटी. बुडायची भीती वाटत असताना लगाम सैल सोडायचा म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

मांद्रेकर

सांजवाराताई कुठे आहेत? महिना होत आला.

सांजवारा

आले आले. देव बरें करूं सगळ्यांचें. मुद्दाम थांबले होते, सांगण्यासारखं काही झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. त्या रविवारी दुसऱ्या एका मुलीने शेवंतीवर स्वारी केली. खोगीर काढलं आणि मी बघतच राहिले. घामाने चिंब पाठीवर डाव्या बाजूला कोरडा डाग, माझ्या तळव्याएवढा. तिथे बोट टेकवलं मात्र, तिचं सगळं अंग थरथरलं. डॉक्टर आले. त्वचेखाली सूज होती, पाठीचे स्नायू उतरलेले. तीन आठवडे खोगीर बंद.

मला जे लागलं ते असं. ती मला कितीतरी रविवार सांगत होती. कान मागे टाकून सांगत होती, बाहीकडे तोंड नेऊन सांगत होती. आणि मी तिच्या दुखऱ्या जागेवर बसून विचारत होते की तू माझ्यावर विश्वास का ठेवत नाहीस. शिकवणाऱ्यांना मी हे बोलले. त्यांनी वाद घातला नाही. तबेल्यातल्या सगळ्याच घोड्यांच्या पाठी त्यांनी त्या दिवशी तपासल्या. आणखी एक निघाला.

ते तीन आठवडे मी तिच्याबरोबर पायी फिरले. खरारा, खूर, चंदी, सगळं स्वतः. मग बेळगावकरांच्या वडिलांचा ताशा मनात ठेवून निळ्या प्लास्टिककडे निघाले. पहिल्या दिवशी वीस पावलांवर ती थांबली. मान उंच, श्वास रोखलेला. मी दोर सैल सोडून तिच्या डाव्या खांद्याशी उभी राहिले, काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने तिने मान खाली घेतली आणि जोरात फुरफुरली. तिथूनच परत फिरलो. पुढच्या वेळी दहा पावलं. त्याच्या पुढच्या वेळी तिने ते प्लास्टिक हुंगलं, आणि वारा आला तेव्हा एक पाऊल मागे गेली. एकच.

परवा बसले. तिच्या पाठीप्रमाणे नव्याने भरून घेतलेलं खोगीर, तंग आवळताना कान पुढेच. त्याच वळणावर ती आपली आपण थांबली. माझे हात कापत होते, खोटं कशाला सांगू. लगाम सैल सोडला, पाय सोडले, श्वास सोडला. शेवंतीने प्लास्टिककडे बघितलं आणि तिचा एक कान वळला, मागे, माझ्याकडे. मग चालायला लागली.

कारणमीमांसा, याला काय म्हणायचं ते नाव तुम्ही द्या.

कारणमीमांसा

तुम्ही दिलेलंच राहू दे, ताई.

रिकीब

दुसरा कान प्लास्टिककडे होता ना?

सांजवारा

हो काका, पूर्ण वेळ.

रिकीब

मग उत्तम. तो तिकडेच हवा. आता दुडक्या चालीची घाई नको, दिवाळीपर्यंत चालतंच फिरा.

मांद्रेकर

ताई, खोगीर भरून कुणाकडून घेतलंत? आमच्या शेजाऱ्यांच्या घोड्यालाही काल कोरडा डाग दिसला.

सांजवारा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. खोगीर नेताना घोड्याच्या पाठीचं मापही घेऊन जा, ते मागतात.